दोडामार्गच्या सलूनाचा कौल

कट्टा गावच्या बाजारात गुणाजीच्या सलूनासमोरून जाताना लोक हल्ली मान खाली घालायचे. मान खाली घातली की माणसाची मागची बाजू दिसते. ती ताजी कापलेली असायची, आणि गुणाजीने कापलेली नसायची.

रस्त्याच्या पलीकडे सिद्धेशने काचेचं दार बसवलं होतं. हा गोव्यात काम शिकून आलेला. त्याच्याकडे एसी, आणि खुर्ची अशी की गिऱ्हाईक बसल्याबसल्या आडवं व्हायचं. गुणाजीकडे दोन लाकडी खुर्च्या. त्यातली एक डावीकडे कलायची, त्यामुळे आजूबाजूच्या वाड्यांतल्या पुष्कळ बापया माणसांचा एक कल्ला वर आणि एक खाली असायचा. इतकी वर्षं चाललं होतं की लोकांना ती पंचक्रोशीची पद्धतच वाटायची. सिद्धेशने माणसं सरळ बसवली आणि घात झाला. गुणाजीचा सख्खा मेव्हणाही एक दिवस दोन्ही कल्ले सारखे घेऊन जेवायला आला. गुणाजीला त्या दिवशी सोलकढी गेली नाही. पावसाळा संपायच्या आत शटर ओढायची पाळी येणार, आणि या वयात दुसरं कुठलं काम आपल्या हाताला येत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

अशात त्याच्या फोनवर कुणीतरी पुढे पाठवलेला मेसेज आला. ‘एक्झिक्युटिव्ह सलून देणे आहे. एकच मालक. अस्सल चामड्याच्या सीट, मागे झोपतात. एसी थंडगार. फक्त कदर असणाऱ्यानेच फोन करावा. दोडामार्ग.’ खाली एका सीटचा फोटो. तपकिरी चामडं, डोकं टेकायला उशी. गुणाजीने तो फोटो बोटांनी मोठा करकरून इतका बघितला की त्याच्या बायकोला, वर्षालीला, संशय आला.

फोन लावला तर पलीकडे सुदेश गवस म्हणून गृहस्थ. अर्धं आयुष्य आखातात काढून आता दोडामार्गात रबराची बाग सांभाळत होते. गुणाजीने विचारलं, किती जण बसतात. आरामात चार, दाटून पाच. एसी कसा. लावला की स्वेटर आठवतो. आरसे बरे आहेत का. आरसे बटणावर फिरतात. फिरणारे आरसे सिद्धेशकडेही नव्हते. मग गुणाजीने धंद्यातला खरा प्रश्न विचारला.

“आणि ब्लेडां?”

“ब्लेडां गेल्या पावसात नवी घातली.”

“त्येच्या मागसून?”

“मागसून कित्याक? पावसातच लागतत ती.”

गुणाजीने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. दोडामार्गची माणसं फक्त पावसात दाढी करतात हे त्याला नवीन होतं. पण रबराचा मुलुख, त्यांची तऱ्हा वेगळी असणार. एवढं चांगलं सलून विकता कशाला, असं त्याने शेवटी भीत भीत विचारलं, तेव्हा गवसांनी लांब सुस्कारा सोडला. “बायल म्हणता, घरात एक तर ह्यां रवात, नायतर मी.”

वर्षाली म्हणाली, आधी जाऊन बघून तरी येवा. पण गुणाजीला बघायचीच भीती. बघितलं आणि आवडलं नाही तर? आणि आवडलं आणि नंतर वाईट निघालं तर? कट्ट्यात अशा वेळी माणूस जे करतो तेच त्याने केलं. देवळात जाऊन कौल लावला.

बाबली गुरवाने पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. मग त्याने हात जोडून खणखणीत गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्यां तुझां लेकरू गुणाजी दोडामार्गाचा सलून घेवक बघता. त्येच्यात तेचा बरा आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गुणाजी म्हणाला.

डावीकडची पाकळी किंचित सरकली. गुरवाने घसा खाकरला. डावी तिथेच थांबली, आणि उजवी टपकन पडली.

झालं. देवाने बघितल्यावर आपण काय बघायचं? गुणाजीने काजूच्या बागेतला आपला वाटा मोडून पैसे दोडामार्गला पोचतेही केले. जुन्या खुर्च्या आणि डाग पडलेला आरसा भंगारवाल्याला दिला, दुकान धुऊन रिकामं केलं आणि दारावर बॅनर लावला. ‘कट्ट्यात प्रथमच एक्झिक्युटिव्ह सलून. शनिवारी आगमन. पहिल्या दिवशी दाढी मोफत.’

मोफत वाचल्यावर अर्ध्या बाजाराने दाढी करायचं सोडलं. बुधवारपासून सगळे तापातून उठल्यासारखे दिसायला लागले. सिद्धेश काचेच्या दाराआडून बघत होता. एकदा रस्ता ओलांडून आलाच. “काकानु, खुर्च्यो खंय? आता गिराईक काय खांद्यार बसवतलास?”

“शनिवारी ये, बघ,” गुणाजी म्हणाला. पण रिकाम्या दुकानात त्याचाच आवाज घुमून परत आला, तेव्हा त्याला बरं वाटलं नाही.

शनिवारी पहाटे तो ओंकारचा टेम्पो घेऊन निघाला. ओंकार चिरे वाहणारा, कपाळावर आठ्या घेऊनच जन्मलेला माणूस. टेम्पोत गोणपाटं, सुंभाच्या दोऱ्या आणि गुणाजीच्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, पाने, हातोडी. दोडामार्गला गवस इस्त्रीचे कपडे करून, बूट घालून पडवीत उभे होते, जणू मुलगीच सासरी चाललीय. मागे त्यांची बायको आनंदीबाई, हातात काजूच्या बियांचं सूप.

चहा झाला. गुणाजीने पिशवी उघडली आणि हत्यारं ओळीने मांडली. “चला तर. सीटा पयल्या सोडवूया. मगे आरसे काढतंय. आरसे माझ्या मांडयेर घेतंय, फुटाक नको.”

गवसांनी पडवीचा खांब धरला.

“सोडवूया?” ते म्हणाले. “तुमी भंगारवाले काय ओ?”

गुणाजीला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव गुंतलाय. त्याने समजूत काढली की काळजी करू नका, एक स्क्रू इकडचा तिकडे होणार नाही, कट्ट्याला नेऊन भिंतीला परत ठोकतो. भिंतीला म्हटल्यावर गवस खालीच बसले. शेवटी ओंकारने, त्याला आपल्या भाड्याशी मतलब होता म्हणून, मधे तोंड घातलं. सलून आहे तरी कुठे, ते आधी दाखवा.

गवस उठले आणि पडवीला लागून काहीतरी लांबलचक झाकलेलं होतं त्यावरची चादर त्यांनी हळूच ओढली. खालून काळीभोर मोटार निघाली. इतकी चकचकीत की तिच्यात गुणाजीला आपलं उघडं तोंड दिसलं.

“ही गाडी आसा,” गुणाजी म्हणाला.

“गाडी म्हणा नकात. गाडी भाजयेची असता. माझो इंग्रज सायब म्हणायचो, मागे डिकी आणि मधी सायबासारखी बसण्याची जागा असली की तां सलून. एक्झिक्युटिव्ह सलून.”

“आणि ब्लेडां?”

“वायपराची.”

गुणाजी टेम्पोच्या फाळक्यावर बसला. डोळ्यांसमोर धुतलेलं दुकान आलं, भिंतीवर आरशाचा चौकोनी डाग, आणि खाली दाढ्या वाढवून बसलेला सगळा बाजार. त्याने दबक्या आवाजात विचारलं की झालं ते झालं, सौदा मोडता येईल का. गवसांचा चेहरा उजळला. मोडता कशाला येणार नाही, ते म्हणाले, आणि चादर परत घालायलाही लागले.

“हात लावा नकात,” आनंदीबाई म्हणाली. “आमी कौल लावलेलो आसा. सलूनाक पयलो जो येतलो, तेकाच देवचा. उजवो इलो. देवाक फसवतास?”

गवसांचा हात चादरीवरच राहिला. गुणाजीला आठवलं, आपणही तेच विचारलं होतं. दोडामार्गाचं सलून घेऊ काय. उजवाच आला होता. दोन गावांच्या दोन देवांनी मिळून त्याच्या गळ्यात मोटार बांधली होती, आणि आता ती नाही म्हणायची कुणाची टाप होती? आनंदीबाईने तेवढ्यात मोटारीच्या जागेवर काजूच्या बिया पसरायला घेतल्याही.

गुणाजीला स्कूटरच कशीबशी यायची. त्यामुळे मोटार गवसांनी हाकली, आणि टेम्पो रिकामा पुढे गेला. गुणाजी मागे बसला. गवसांनी त्याला डोकं टेकू दिलं नाही, कारण डोक्याला खोबरेल होतं. बांदा गेलं, सावंतवाडी गेली, कुडाळ गेलं. गुणाजीने वाटेत प्रत्येक खड्ड्याला मनातून विनवलं की चाक फुटू दे, आजचा दिवस जाऊ दे. खड्डे एरवी कुणाचं काही ठेवत नाहीत, पण गवस त्यांच्यातून अशी मोटार काढत होते की पाण्याचा पेला ठेवला असता तरी सांडला नसता. कसालच्या नाक्यावर एका पोलिसाने काळी मोटार बघून सलाम ठोकला. गुणाजीने आतून दोन्ही हात जोडले.

कट्ट्यात गर्दी होती. टेम्पो आधी पोचलेला, आणि लोक फाळका उघडून आत वाकून बघत होते. आत सुंभ. ओंकारने काहीच सांगितलं नव्हतं, त्याला फक्त भाडं हवं होतं. तेवढ्यात मागून काळी मोटार आली आणि दुकानासमोर, बस स्टॉपच्या तोंडावर उभी राहिली. बाबली गुरव नारळ घेऊन पुढे आला. गुणाजीला उतरायचं नव्हतं. पण दार बाहेरून कुणीतरी उघडलं.

सिद्धेशने मोबाईल वर धरला होता. “काकानु, सलून खंय?”

उत्तर दिलं गवसांनी, छाती पुढे काढून. “ह्यांच सलून.”

बाजार हसला. शहाळीवाल्याने कोयता खाली ठेवला, कारण हात हलत होता. मेव्हणा तर दोन्ही कल्ले धरून हसत होता. गुणाजीने गुरवाला कोपऱ्यात ओढलं आणि कुजबुजला, “बाबलीनु, देवाची कायतरी चूक झाली.”

तो हळूच बोलला होता, पण बाजार नेमका तेव्हाच दम खायला थांबला होता. सगळ्यांनी ऐकलं. बाबली गुरवाचा चेहरा उतरला. कौल चुकला असं एकदा पसरलं, की उद्या लग्नं, जमिनी, बोअरिंग, कशासाठीच कुणी त्याच्या पायरीला येणार नव्हतं. त्याने गर्दीवरून एक नजर फिरवली.

“देवाक सगळा माहीत होता,” तो मोठ्याने म्हणाला. “माहीत तुकाच नव्हता.”

आणि नारळ फोडून, पंचा झटकून, तो सरळ मोटारीत मागे जाऊन बसला. गालावर बुधवारपासूनची खुंटं होतीच. त्याने उशीवर मान टाकली, डोळे मिटले. “कर.”

गुणाजी रिकाम्या दुकानात धावला. वाटी, ब्रश, वस्तरा, सगळं फरशीवर पडलं होतं. परत आला तर गवस आपली घरची चादर गुरवाच्या मानेखाली कोंबत होते आणि फेसाचा एक थेंब चामड्यावर पडला तर काय करेन ते सांगत होते. मोटारीत उभं राहता येईना. गुणाजी गुरवाच्या शेजारी गुडघ्यांवर वाकला. देवाच्या माणसाचा गळा, वर वस्तरा, आणि काचेला सगळ्या बाजूंनी चिकटलेली दाढीवाली तोंडं. गवसांनी एसी लावला. बाहेरच्यांना तो दिसत नव्हता, पण गुरवाच्या चेहऱ्यावर दिसत होता. मोफतवाले एकमेकांना ढकलून रांगेत उभे राहिले. रांगेत पुढून चौथा मेव्हणा होता.

उजवा गाल झाला, आणि मालवणची एसटी आली. काळी मोटार बरोबर तिच्या जागेवर. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. एसटी मोटारीच्या मागच्या बंपरापासून वीतभर. गवसांना तो बंपर पोटच्या पोरासारखा. त्यांनी गिअर टाकला आणि मोटार सुटली.

“थांबवा ओ, अर्धोच झालो,” गुणाजी म्हणाला.

थांबवायला जागाच नव्हती. मागे एसटी, एसटीच्या मागे रांग. रांग धावत होती, पण क्रम सोडत नव्हती. मालवणच्या रस्त्याला गुणाजीने वस्तरा हवेत धरला, प्रत्येक वळणाला गुरवाच्या गळ्यापासून लांब, आणि मनात मिळेल त्या देवाला हाका मारल्या. आपल्या हातून आज गुरव गेला तर शटरचा प्रश्नच उरणार नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. बाबली मात्र डोळे उघडायला तयार नव्हता. उघडले असते तर कौल चुकला असं झालं असतं.

पुढच्या वाडीच्या थांब्यावर गवसांनी मोटार बाजूला घेतली, एसटी शिव्या देत निघून गेली. थांब्यावर एक बापया उभा होता, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. तो वाकला, काचेतून आत बघितलं. फेस, वस्तरा, थंड हवा. गुणाजीने नजर चुकवली. आता इथेही हसणार.

बापयाने स्वतःच्या गालावरून हात फिरवला. मग पुढचं दार उघडलं, शेंगा पायाशी ठेवल्या आणि गवसांच्या बाजूच्या सीटवर बसून पाय लांब केले.

“माझी पण दाढी करा. एवढ्यासाठी कट्ट्याक जावक व्हया, दिस मोडता,” तो म्हणाला. “ह्यां रोज येता काय हयसर?”

गवसांनी आरशातून गुणाजीकडे बघितलं. आरसा बटणावर हळूच फिरला.

गुणाजीला उत्तर द्यायला भीती वाटली. त्याने ब्रश वाटीत घोळवला. पाणी संपत आलं होतं. गवस चामड्याला किती जपतात याची बापयाला कल्पना नव्हती, आणि मागून धूळ उडवत रांग येताना दिसत होती.

“येता,” गुणाजी म्हणाला.

गुरवाने डोळे न उघडताच विचारलं, “झाला काय रे?”

“अर्धा,” गुणाजी म्हणाला, आणि दुसऱ्या गालाला फेस लावायला घेतला.