बर्फ गेल्याची नोंद

डोळे उघडले की ऑर्विल ट्वेटन पहिला प्रश्न एकच विचारायचे. "गेलं का?"

जेवणघरात आणून ठेवलेल्या खाटेवरून त्यांना नदी दिसत नव्हती. म्हणून त्यांची मुलगी मार्गिट स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन बघून यायची. मिसिसिपी या काठापासून त्या काठापर्यंत पांढरीच असायची. मधोमध, गावाने जानेवारीत नेऊन ठेवलेलं पिवळं पिंप जागच्या जागी. पिंपाची दोरी किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या गळांच्या दुकानातल्या घड्याळाला जोडलेली होती. बर्फ फुटून पिंप हललं की दोरीला हिसका बसे आणि घड्याळ थांबे. त्या वेळेचा अंदाज ज्याचा सगळ्यात जवळचा, त्याला अग्निशमन दलातर्फे एक अख्खं हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी.

"नाही बाबा. आहे अजून."

"मग ठीक आहे," म्हणून ते पुन्हा डोळे मिटून घ्यायचे.

घड्याळ अग्निशमन दलाचं, पण वही ऑर्विलची. एक्केचाळीस वसंत त्यांनी त्या काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत दरवर्षी नव्या पानावर एकच ओळ लिहिली होती. तारीख, वेळ, वारा, कोणत्या काठाने आधी बर्फ सोडलं आणि आवाज कसा झाला. घड्याळावर त्यांचा भरवसा नव्हता. "त्याला दोरीचं कळतं, नदीचं कळत नाही," असं ते म्हणत. वहीचे नियमही त्यांचेच होते. शाईने लिहायचं, खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकलंच तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही करायची. कॅल्डर्स लँडिंग गावात कुणाचं लग्न, कुणाचं मरण कधी झालं यावर वाद निघाला, तर लोक म्हणत, "बर्फाच्या आधी की नंतर ते आठव, म्हणजे ऑर्विलला विचारू."

मार्गिट मिलवॉकीच्या शाळेत इतिहास शिकवायची. डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितले म्हणून रजा घेऊन आली होती. आता सहावा आठवडा सरत होता. घरी येणारी नर्स एकदा दाराशी हळूच म्हणाली, "काही माणसं कशासाठी तरी थांबून असतात. तुम्हीच सांगा त्यांना, जा म्हणावं."

मार्गिटने सांगितलं. "बाबा, माझी काळजी करू नका. तुम्ही निवांत जा."

"कुठे जाऊ?" ते म्हणाले. "बर्फ आहे ना अजून."

चौदा मार्चला सकाळी मुख्याध्यापिकेचा फोन आला. सोमवारी येणार का, बदलीवरची शिक्षिका कधीपर्यंत ठेवायची. मार्गिट म्हणाली, "या आठवड्यात आटपेल बहुतेक." फोन ठेवल्यावर तो शब्द तिच्या कानांत राहिला. कुणी भांडी आटपतं, तसा.

दुपारी चार वाजून गेल्यावर ऑर्विलनी पुन्हा विचारलं. ती खिडकीशी गेली. पिंप होतं, त्यावर एक कावळा बसला होता. ती परत आली आणि म्हणाली, "गेलं, बाबा."

"किती वाजता?"

"चार वाजून दहा."

"आधी कुणी सोडलं?"

"आपल्या काठाने."

"आवाज?"

लहानपणी बर्फ जाई तेव्हा ती एक तर शाळेत असे नाही तर झोपेत. अठराव्या वर्षी तर गावच सोडलं. "मोठा झाला," ती म्हणाली. "तोफ उडाल्यासारखा."

"तोफेसारखा," ते म्हणाले. "मला नाही ऐकू आला." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बरं. लिही मग तसंच."

त्यांच्यासमोर बसून तिने शाईने लिहिलं. संध्याकाळी शेजारच्या मिसेस क्राउस नूडल्सचं गरम भांडं घेऊन आल्या. ऑर्विलनी त्यांनाही विचारलं, "डेल्फीन, तू ऐकलंस?" मिसेस क्राउसनी आधी मार्गिटकडे पाहिलं, मग हातमोजे काढत म्हणाल्या, "ऐकलं की. कपबशा हलल्या माझ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. जो भेटे तो तेच बोले. "ऑर्विल बर्फाच्या आधी गेला. जन्मात पहिल्यांदा घाई केली त्याने." लोक हसत, डोळे पुसत. मार्गिट कॉफी ढवळत राहिली, तिने साखर घातलीच नव्हती.

सव्वीस मार्चला सकाळी ती स्वयंपाकघरात खोकी भरत होती. बाहेर काहीतरी किणकिणल्यासारखं झालं. शेजारी कुणी काचसामान काढतंय असं तिला वाटलं. आवाज थांबेना, वाढत गेला. हजारो पातळ पेले एकमेकांना लागत लांब वाहत चाललेत, असा. ती खिडकीशी गेली. पलीकडे, मिनेसोटाच्या काठाशी, काळ्या पाण्याची पट्टी रुंदावत होती. पिंप हळूच वळलं आणि काही न मोडता निघून गेलं. तोफ नव्हती. कपबशाही हलल्या नाहीत.

एक्केचाळीस वर्षं हे ऐकलेल्या माणसाला आपण काय सांगून बसलो, ते तिला तिथेच कळलं. ती खोक्यावरच बसली.

तिसऱ्या प्रहरी रस होयमी आला. तिचा वर्गमित्र, आता अग्निशमन दलाचा प्रमुख. "रविवारी केंद्रावर गावाची पॅनकेकची न्याहारी," तो म्हणाला. "दरवर्षीची वही या वेळी तू वाचायचीस. तुझे बाबा मला वाचू द्यायचे नाहीत, माझे उच्चार घाण आहेत म्हणायचे."

"या वर्षी नको वाचायला, रस."

"मग दोनशे माणसांनी पॅनकेक खायचे तरी कशाबरोबर? सिरपचे दोनच डबे आहेत."

तो गेल्यावर तिने ब्लेड काढलं. चौदा मार्चचं पान कापलं तर ते कुणालाच कळलं नसतं. पण वही शिवलेली होती. हे पान कापलं की दोऱ्याच्या पलीकडचं त्याचं जोडपानही सुटणार होतं. तिने ते उघडून पाहिलं. तिची आई गेली त्या वर्षाची ओळ त्यावर होती. "बर्फ गेलं तेव्हा इस्पितळात होतो. वेळ रसच्या वडिलांकडून घेतली. मी ऐकलं नाही."

ती ब्लेड तसंच हातात घेऊन शेजारी गेली.

"तुम्हाला माहीत होतं," ती मिसेस क्राउसना म्हणाली.

"मलाही खिडकी आहे, पोरी."

"त्यांना कळलं होतं का?"

"ते मला विचारू नकोस. त्याने मला विचारलं, मी हो म्हटलं. मलाही त्यानंतर नूडल्स करवत नाहीत." त्यांनी तिच्या हातातलं ब्लेड काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. "फोन आला होता ना त्या दिवशी सकाळी, शाळेचा? भिंती पातळ आहेत इथल्या."

मार्गिट ब्लेड तिथेच ठेवून घरी परतली.

रविवारी अग्निशमन केंद्रात बंब बाहेर काढून टेबलं मांडली होती. मार्गिटने वाचायला सुरुवात केली, तशी माणसं काटे ठेवून ऐकू लागली. मधूनच कुणीतरी म्हणे, "माझं लग्न," "आमचं गोठ्याचं छप्पर." त्र्याऐंशी साल आलं, तसे सगळे सरसावून बसले. त्या वर्षी धुक्यात पिंप दिसेना म्हणून ऑर्विलनी बर्फ गेल्याचं लिहून टाकलं होतं. धुकं निवळलं तेव्हा पिंप जागेवर. त्या ओळीवर रेघ होती, आणि शेजारचे शब्द दरवर्षी सगळं गाव मिळून म्हणायचं. आजही म्हणालं.

"चूक. माझी. ऑ. ट्वे."

लोक हसले. पोरांनी टेबलं बडवली. मार्गिट हसू ओसरेपर्यंत थांबली, मग पुढची वर्षं वाचत शेवटच्या पानावर आली.

"चौदा मार्च, चार वाजून दहा. आपल्या काठाने आधी सोडलं. आवाज तोफेसारखा." कुणीतरी गोंधळून खिडकीबाहेर पाहिलं. ती पुढे वाचत गेली, कारण आदल्या दिवशी त्या ओळीवर रेघ मारून शेजारी तिने हेही शाईने लिहिलं होतं. "बर्फ होतं. त्यांना गेलं म्हणून सांगितलं. त्यांच्यासाठी सांगितलं असं म्हणता येईल. मी दमले होते. चूक. माझी. मा. ट्वे."

हे शब्द तिच्याबरोबर कुणी म्हणालं नाही. तव्यावरचा पॅनकेक करपल्याचा वास आला, तरी रसची बायको हलली नाही. मागच्या टेबलावर मिसेस क्राउस उठून उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या.

"पुढची ओळ वाच," रस म्हणाला. "या वर्षीची."

मार्गिटने वही जवळ धरली.

"सव्वीस मार्च, नऊ वाजून बत्तीस. वारा दक्षिणेचा, थोडा. मिनेसोटाच्या काठाने आधी सोडलं. आवाज पातळ काचेसारखा, लांबवर. मी ऐकला."