लाल खडूतला हमाल

मित्रांनो, मी एक जुनं रेखाचित्र आहे. राहतो मुलुंडला, पण जन्म इटलीतला, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. माझ्यात एक हमाल आहे, पाठमोरा, दोर ओढणारा. चर्चच्या छतावर मोठं चित्र रंगवण्याआधी चित्रकाराने त्याला समोर उभं करून मला काढलं. त्याच्या हातात गेरूसारखा लाल खडू होता. त्या काळाला बरोक म्हणतात. तेव्हाच्या चित्रकारांना सरळसोट उभी माणसं चालतच नसत. अंग पिळलेलं हवं, उजेड एकाच बाजूने हवा. माझ्या चित्रकाराने तिरक्या रेघांनी सावली भरली आणि उजेडाच्या जागी पांढरा खडू नुसता टेकवला. असा हात मी पुन्हा पाहिला नाही.

माझे मालक श्यामसुंदर सर तरुणपणी इटलीला चित्रकला शिकायला गेले होते. निघताना त्यांच्या म्हाताऱ्या गुरूंनी मला त्यांच्या हाती दिलं. मुलुंडला परतून सर एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वर्ग घेऊ लागले. मुलं कंटाळली की ते मला बाहेर काढत. "बघ रे, पाय नीट बघ. वजन कुठे पडलंय?" पोरं बघतच राहायची आणि मी भाव खायचो.

यंदा सरांची नजर अधू झाली. घरातल्या भिंतींना ओल, म्हणून त्यांची मुलगी पद्मजा माझ्या काळजीत पडली. आपल्याकडे जपायचं म्हटलं की दहावीचं सर्टिफिकेट असो की रेशनकार्ड, थेट लॅमिनेशन. बाबांना वाढदिवसाची भेट म्हणून, त्यांना न सांगता, ती मला स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदाराने मला प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं. यंत्र तापत होतं. आत गेलो असतो तर माझा खडू त्या प्लास्टिकला कायमचा चिकटला असता. मी फार घाबरलो होतो.

पाकीट सरळ करायला पद्मजाने ते हाताने दाबलं, तर प्लास्टिकला आतून लाल डाग.

"दादा, थांबा. रंग सुटतोय याचा."

"मॅडम, एकदा पॅक झालं की हलणार नाही."

"नको. द्या इकडे."

घरी येऊन तिने सरांना सगळं सांगितलं. "बाबा, हमालाचा खांदा पुसला गेला. मी वाट लावली त्याची."

सरांनी मला खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरलं.

"मीच तुला यातलं कधी काही सांगितलं नाही," ते म्हणाले. "एवढ्या मुलांना शिकवलं, तू राहिलीस. बस इथे. कोरा कागद घे."

"मला नाही येत, बाबा."

"मला आता नीट दिसत नाही. तू काढ, खांदा मी सांगतो."

मित्रांनो, तुमच्या घरी असं जुनं चित्र असेल तर कोरड्या हातांनी उचला, ऊन आणि ओल लागू देऊ नका. आणि ज्यांना त्यातलं कळतं त्यांना, ते आहेत तोवर, विचारून घ्या.

पद्मजाची रेघ अजून वाकडी जाते. सर हवेत बोट फिरवून दाखवतात, ती खोडते, पुन्हा ओढते. माझा खांदा गेला याचं मला वाईट वाटतं. पण सरांना तो डोळे मिटूनही दिसतो, आणि आता रोज थोडा थोडा तिलाही दिसू लागला आहे.