पिसं गेली, नाव राहिलं

मित्रांनो, मी एक जुना चाकू. मिटलो की जेमतेम तुमच्या बोटाएवढा. भाजी मी कधी चिरली नाही. माझा जन्म गेला शाई खरवडण्यात.

माझे मालक इमारतींचे नकाशे काढत. पारदर्शक कागदावर एखादी रेघ चुकली, की माझ्या पात्याने ती अलगद खरवडत. मग ती जागा नखाने घासत, म्हणजे नवी शाई पसरत नसे. शेजारच्या टेबलावरून हमखास आवाज यायचा, "काय रावसाहेब, आज किती भिंती पाडल्या?"

"तुझ्यापेक्षा एक कमीच!"

संध्याकाळी ते मला पुसत, सांध्यात तेलाचा थेंब सोडत आणि मिटत.

एकदा त्यांच्या मुलीने विचारलं, "बाबा, याला पेननाइफ का म्हणतात? याने कुठे पेन कापतात?"

"अगं, पेन या शब्दाचा मूळ अर्थच पीस. पूर्वी पिसाने लिहायचे. टोक झिजलं की असल्या चाकूने तासायचे. पिसं गेली, नाव राहिलं."

"मग हा बेकार झाला?"

"वेडाबाई! याला दुसरं काम मिळालं ना."

मी केवढा फुशारलो होतो!

पुढे कचेरीत संगणक आले आणि मालक निवृत्त झाले. घरी बसून त्यांनी मुलीच्या नव्या घराचा नकाशा काढायला घेतला. एक दार चुकलं, ते त्यांनी शाई ओली असतानाच खरवडलं. मला पुसायचं मात्र राहून गेलं. त्याच आठवड्यात ते गेले.

"पुसून ठेव गं तो," आई मुलीला म्हणाली.

"नको. बाबांच्या हातची शाई आहे."

तिने मला तसंच मिटलं, रुमालात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. मायेनेच ठेवलं. पण ती शाई डिंकासारखी धरते. पातं खाचेत चिकटलं, त्यावर गंज चढला. किती वर्षं गेली, कोण जाणे. कपाट उघडे, साड्या निघत, कपाट बंद होई.

परवा तिच्या नातीने मला शोधून काढलं.

"आजी, उघडतच नाही गं हा! माझं नख तुटलं."

"आण इकडे."

तिने तेल सोडलं, बोटं लाल होईपर्यंत पातं ओढलं. मीही आतून जीव तोडून जोर केला. नाही उघडलो.

"मीच बंद केलं रे तुला," ती पुटपुटली.

मित्रांनो, आठवण जरूर जपा, पण तिला पुसा, तेल द्या, कामाला लावा. त्या पोरीच्या हातात बोथट पेन्सिल होती. किती छान टोक काढून दिलं असतं मी तिला!