पाहुण्यांसाठी आवरलेली बाग

बिरदेवच्या पपईवर तीन वर्षं लागोपाठ व्हायरस पडला. पानं पिवळी पडून आकसायची, फळांवर गोल चट्टे उठायचे आणि न्हावऱ्याच्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण गाडी थांबवून फुकटचा सल्ला देऊन जायचा. सल्ल्यावर बागा पिकत असत्या तर बिरदेवनं एव्हाना दुबईला पपई धाडली असती.

दोन हजार चार साली पुण्याच्या एका संस्थेतून सोहनी मॅडम आल्या. त्यांनी प्रयोगशाळेत पपईच्या पेशीत त्याच व्हायरसचा एक बारीक तुकडा बसवला होता. त्यामुळे झाड रोगाला ओळखतं आणि थारा देत नाही, असं त्यांनी समजावलं. बिरदेवला ते लगेच पटलं. त्याच्या गावातल्या सोसायटीतही सगळ्यात भांडखोर माणसाला संचालक करून गप्प बसवायची रीत होती.

मॅडमनी बिरदेवच्याच रानात तारेच्या कुंपणात दोन ओळी लावल्या, एक नव्या झाडांची, एक साध्या झाडांची. साध्या ओळीला हात लावायचा नाही, फवारायचं नाही. तिला रोग यावा, शेजारची नवी ओळ धडधाकट राहावी आणि अशा झाडांना परवानगी देणाऱ्या सरकारी कमिटीनं ते डोळ्यांनी बघावं. मग परवानगी, आणि पहिली रोपं बिरदेवला. त्यानं हे सासुरवाडीपर्यंत सांगून ठेवलं होतं.

सगळं ठरल्यासारखं झालं. साधी ओळ पार कामातून गेली, नवी ओळ फळांनी लगडली. "किती छान रोग आलाय!" असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा बिरदेवच्या बायकोला, वच्छलाबाईला, त्या बाईची काळजीच वाटली.

कमिटी सोमवारी येणार, असा निरोप आला. घरात सारवण झालं, नव्या कपबश्या निघाल्या. मग वच्छलाबाईची नजर रानाकडं वळली.

"आवो, एवढी मोठी मान्सं येनार, आन् म्होरंच ही मरतुकडी झाडं? काय म्हनतील?"

"मॅडमनी हात लावू नगा म्हनून सांगितलंय."

"रोग यायचा व्हता त्यो आला. मॅडमनी बगितला, फोटू काढलं. आता त्येची काय जत्रा भरवायची हाय?"

वच्छलाबाईच्या बोलण्यात खोट काढणं बिरदेवला लग्न झाल्यापासून जमलं नव्हतं. त्यानं साधी ओळ उपटली, जाळली, जमीन सपाट केली आणि तिथं फुलावर आलेली झेंडूची रोपं लावून पाणी दिलं.

सोमवारी जीपमधून उतरताच सोहनी मॅडमचा चेहरा पडला. अध्यक्षसाहेब मात्र खूश दिसले. "फार स्वच्छ प्लॉट आहे. रोगट झाडं कुठायत?"

"जाळली साहेब," बिरदेव अभिमानानं म्हणाला. "एक बी ठिवलं न्हाई."

"मग तुलना कशाशी करू? झेंडूशी?"

मॅडमनी फोटो पुढं केले. फोटो कुठल्याही शेतातले असू शकतात, असं साहेब म्हणाले. यंदा या रानात रोग फिरकलाच नसेल, तर नवी ओळ वाचली यात नवल काय?

"समद्या गावानं बगितलाय रोग," बिरदेव म्हणाला.

"गाव कमिटीवर नाही."

"पर साहेब, ही झाडं निरोगी हायेत, हे आंधळ्यालाबी दिसतंय."

"दिसतं हो. सिद्ध होत नाही."

प्रयोग रद्द झाला. अशी झाडं परवानगीशिवाय उभी ठेवता येत नाहीत, म्हणून ती फळांसकट आजच तोडून पुरायची होती, कमिटीसमोर. पुन्हा अर्ज करू, असं मॅडम म्हणाल्या, पण त्यांचा आवाज इतका बारीक होता की बिरदेवनं पुढचं विचारलं नाही. त्यानं कोयता घेतला. एकाही झाडाचं पान पिवळं नव्हतं. हात चिकानं भरले आणि बिरदेवला रडू आलं. घाम पुसल्यासारखं करून त्यानं डोळे पुसले. वच्छलाबाईनं नव्या कपातला चहा फिरवला, तो सगळ्यांनी उभ्याउभ्याच घेतला.

खड्डा बुजल्यावर बिरदेवनं विचारलं, "साहेब, आता हितं काय लावू?"

साहेबांना खरंच त्याची दया आली असावी. जीपमध्ये बसता बसता ते म्हणाले, "साधी पपई लावा की. तिला कुणाची परवानगी लागत नाही."