ट्रकची किल्ली

व्हर्जिलच्या घरात एक जुना नियम होता. ज्याने स्वतःच्या हाताने एकदा तरी ब्राउनी धरून घरच्यांना दाखवली नाही, त्याला नावेत जागा नाही. ब्राउनी म्हणजे गॅस्कोनेड नदीतला तपकिरी बास मासा. दाखवायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. मग नाव दिवसभर धारेसोबत खाली जाणार, आणि ज्याला मासा साधला नाही तो ट्रक घेऊन, डोंगराला वळसा घालून, खालच्या घाटावर वाट बघत बसणार.

डीना सून होऊन आली तेव्हापासून ट्रक तीच हाकत होती. तिचं माहेर कॅन्ससचं, सपाट गव्हाच्या रानातलं. तिकडे लाटा उठायच्या त्या ओंब्यांच्या. इथे जेवताना रोज नदीच्या वळणांच्या गोष्टी निघत, सगळे हसत, आणि तीही हसे, न पाहिलेल्या वळणांवर. उद्या पुन्हा नाव निघणार होती. तिला आता घाटावर बसायचं नव्हतं.

"वहिनी, ट्रकमध्ये तेल भरून ठेवलंय हं," धाकटा दीर डार्बी सकाळीच म्हणाला.

"तुझ्याच उपयोगी पडेल ते," डीना म्हणाली.

सासऱ्याने, व्हर्जिलने, तिला गुडघाभर पाण्यात उभं केलं. गळाला तांबूस रबरी झिंगा लावून दिला. "पाय उचलू नकोस, घासत चल. गोटे शेवाळलेले आहेत. तो मोठा खडक दिसतो? त्याच्या वर टाक आणि झिंग्याला तळाशी लोळत येऊ दे. खरा झिंगा काय उड्या मारत येतो का?"

"आणि मासा कुठे असतो, बाबा?"

"धारेत धावतो तो उपाशी मरतो, धारेकाठी बसतो तो पोट भरतो," म्हातारा म्हणाला. "लागला की तोंडात अंगठा घालून खालचा ओठ धर. आणि हे बघ, मे महिना आहे. आई अंडी घालून निघून जाते, बाप घर राखत बसतो. साफ केलेली वाटोळी जागा दिसली तर तिथे गळ टाकायचा नाही."

दुपारपर्यंत डीनाने गळाने एक खडक धरला, एक बुडालेलं झाड धरलं, आणि स्वतःची टोपी धरली. डार्बी हसून हसून वाळूत बसला. शेवटी ती एकटीच वळणापलीकडे गेली. तिथे तिरपं ऊन पाण्यावर लखलखत होतं, तळ दिसत नव्हता. तिने खडकाच्या वर गळ टाकला. झिंगा लोळत आला. दोरी किंचित थबकली, जणू कुणी पदर धरला.

मग पाणी फुटलं. मासा उसळला, कांस्यासारखा चमकला, खाली गेला, पुन्हा उसळला. डीनाने त्याला जवळ आणलं आणि तोंडात अंगठा घालून ओठाने उचललं. तांबड्या डोळ्यांचा, हातभर लांब, झटके देणारा. हाक मारायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात तिची सावली पाण्यावर पडली आणि तळ दिसला. गोट्यांमधली झाडून काढल्यासारखी वाटोळी जागा. तिच्यावर काजळाच्या कणांसारखी काळी पिल्लं तरंगत होती, आणि कडेकडेने चपटे सूर्यमासे आत घुसत होते. एकाने झडप घातली. काजळात भोक पडलं.

वळणापलीकडून माणसं यायला वेळ लागला असता. डीनाने गळ काढला, वाकली, मासा पाण्यात सोडला. बाप बाणासारखा गेला. सूर्यमासे पांगले. काजळ पुन्हा एक झालं.

ती परतली तेव्हा तव्यावर मक्याची भाकरी होती.

"काय, वहिनी?"

"एक मिळाला होता. सोडला."

"सोडलेला मासा नेहमी हातभरच असतो!" डार्बी ओरडला. नवरा वेस्लीसुद्धा हसला. "अगं, निदान हाक तरी मारायचीस."

"हाक मारून तुम्ही येईपर्यंत पिल्लं संपली असती," डीना हळूच म्हणाली. "तो घरावर होता. मला दिसलं नाही आधी, बाबा. चुकलं."

व्हर्जिलने पुढे होऊन तिचा उजवा हात घेतला. उलटा केला. आपलं राठ बोट तिच्या अंगठ्यावरून फिरवलं. कानशीने घासावी तशी कातडी खरबरीत झाली होती, बारीक बारीक ओरखडे, ताजे. त्या माशाचे दात असेच असतात, बारीक आणि गच्च. झाडाच्या फांदीने किंवा टोपीने अंगठा असा होत नाही.

त्याने खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि डार्बीकडे फेकली.

"उद्या खालच्या घाटावर तू थांब."

"मी? बाबा, मी तर सातव्या वर्षीच..."

"म्हणूनच. तुला सगळी वळणं पाठ आहेत. हिला अजून बघायची आहेत."

डार्बीने किल्ली बघितली, वहिनीकडे बघितलं. "तेल मीच भरलं," तो कपाळावर हात मारून म्हणाला.

डीनाने गरम भाकरी उचलली. खारट लोणी अंगठ्याला लागलं आणि चुरचुरलं. तिने हात मागे घेतला नाही.