पाच चिंचोके

ताप मोजायला थर्मामीटर आहे, साखर मोजायला पट्टी आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घरचेच किती छळतात हे मोजायला बऱ्हाणपूरच्या एका संस्थेने ज्योत्स्नाच्या हातात छापील कागद दिला होता. त्यावर पहिलाच नियम होता: प्रश्न एकांतात विचारा. हा नियम लिहिणारा फोपनारसारख्या गावातल्या ओसरीवर कधी बसला नसावा. तिथे पाहुणी आली की घरधन्याची खुर्ची आधी सरकते.

वामनचीही सरकली. केळीचा मोठा बागायतदार, गावात मान, बोलणं गोड. आमच्या घरात झाकण्यासारखं काही नाही मॅडम, बिनधास्त पूछा, असं म्हणून तो आईच्या समोरच बसला. आई म्हणजे सरुबाई, पंचाहत्तरीची, तोंडात एक दात नाही. ज्योत्स्नाने दोनदा आडून सुचवून पाहिलं. तो हसला आणि जागचा हलला नाही.

अशा वेळेसाठी तिने स्वतःच एक युक्ती काढली होती. दोन कापडी पिशव्या, एकीत दहा चिंचोके, दुसरी रिकामी. ती प्रश्न वाचणार. उत्तर 'हो' असेल तर आजींनी एक चिंचोका या पिशवीतून त्या पिशवीत टाकायचा, 'नाही' असेल तर नुसताच हात फिरवायचा. तोंडाने काही बोलायचं नाही. कोणाला काही कळणार नाही, असं तिने सरुबाईला छातीठोकपणे सांगितलं.

जेवायला कमी पडतं का? धाक वाटेल असं कोणी बोलतं का? मनाविरुद्ध कुठे अंगठा घेतला का? चष्मा, औषध, आपली माणसं यांच्यापासून कोणी अडवतं का? कोणी हात उचलतं का? दर वेळी सरुबाईचा हात एका पिशवीत गेला, मग दुसरीत, आणि मग तिने पदराने तोंड पुसलं. शेवटच्या प्रश्नाला तिची बाही वर सरकली आणि मनगटाच्या वर चार बोटांचे निळे वळ दिसले.

ज्योत्स्नाने पिशव्या उचलल्या, तोच वामन म्हणाला, "गिनती इथंच करा ना."

ते काम ऑफिसात होतं, असं ती म्हणाली. वामनने हसतहसत हात पुढे केला. ज्योत्स्नाला स्वतःच्या हुशारीचा भयंकर राग आला. बोललेला शब्द निदान हवेत विरतो. इथे तिने म्हातारीची गाऱ्हाणी मोजून, कापडात घालून, मुलाच्याच पुढ्यात आणून ठेवली होती. तिची स्कूटी वळणाआड गेली की पुढे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

वामनने दुसरी पिशवी पालथी केली. एकही चिंचोका पडला नाही.

मग पहिली ओतली. पाच पडले.

"टोटल किती होते?"

दहा होते. सकाळी तिनेच मोजून घातले होते. उरलेले पाच कुठे गेले हे तिला माहीत नव्हतं, पण कोणाच्या जिवावर बेतणार हे माहीत होतं.

"पाच," ज्योत्स्ना म्हणाली. "प्रश्नच पाच आहेत."

वामनने आईकडे वळून विचारलं की सांग मॅडमला, काय कमी आहे तुला? सरुबाईने नुसती मान हलवली. एवढ्यात त्याची बायको वंदना चहा घेऊन आली आणि तिने सासूपुढेही कप ठेवला. सरुबाईने तो ओठांपर्यंत नेला, खाली घेतला आणि फुंकत बसली. वाफ सरली तरी फुंकत राहिली. वामन बघत होता. बाहेर ट्रकवाल्याने तिसऱ्यांदा हॉर्न मारला तेव्हा कुठे तो उठला, शून्य लिहून टाका म्हणाला आणि केळी भरून घ्यायला गेला. वंदना आत वळली.

सरुबाईने ज्योत्स्नाचा हात ओढला आणि तळव्यावर पाच ओले चिंचोके थुंकले.

"तो मोजल्याबिगर राहते का? म्या जन्म देल्ला त्याले," ती पुटपुटली. "तुह्या पिशवीच्या भरोशावर राह्यली असती त मेली असती मी."

ज्योत्स्नाला लाज वाटली, रडूही आलं. कागदाच्या तळाशी 'मदत हवी का' असा एक रकाना होता. तो ती कायम सोडून द्यायची, कारण विचारून द्यायला तिच्याकडे काहीच नसायचं. आज तिने विचारलं.

"जसोंडीले सोडशीन मले? माही बहीण हाय तिथं, गोदा. दोन साल झाले, भेटू देल्लं नाही."

ज्योत्स्ना लगेच हो म्हणाली. विचार करत बसली असती तर संस्थेचे बाकीचे नियम आठवले असते.

सरुबाईला मागे बसवून ती निघाली, तर गल्लीच्या तोंडाशी ट्रक आडवा उभा होता. वामनने येऊन स्कूटीचं हँडल धरलं. तपासणीला नेते आहे, अशी थाप ज्योत्स्नाने मारली. हिला कुठेच जायचं नाही, हवं तर तिलाच पूछा, असं तो अगदी निश्चिंतपणे म्हणाला. आईने आजवर त्याच्यापुढे उलट शब्द काढला नव्हता.

"जायचं हाय," सरुबाई मोठ्याने म्हणाली. "गोदाकडे. आन् वापस यायचं नाही."

केळीचे घड वाहणारे चौघे जागीच थांबले. वामनने आवाज उतरवला.

"लोकं पाहू राह्यले, आई."

"पाहू दे. घरात कोनी पाहे नाही, म्हनूनच त तू मारे."

वामनचा हात हँडलवरून निघाला. ज्योत्स्नाने ट्रकच्या कडेने स्कूटी बाहेर काढली.