उलटं बसलेलं सील

छोट्या लोडरच्या मागच्या चाकातून तिसऱ्यांदा ऑइल गळू लागलं, तेव्हा दादा जेवायला घरी गेला होता. गॅरेज दोघा भावांचं, पण त्या अ‍ॅक्सलचं, ऑइल अडवणारं रबरी सील आधी दोन्ही वेळा दादानेच बदललं होतं. धाकट्याने चाक काढून अ‍ॅक्सल बाहेर ओढला. सील नवंकोरं होतं, पण उलटं बसवलेलं. त्याची कड आत ऑइलकडे हवी, ती बाहेर होती. तीस वर्षांत दादाच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

धाकटा ते सील फडक्याखाली सरकवणार, तेवढ्यात दादा आला. त्याने ते उचलून डोळ्यांजवळ नेलं, मग बोटानेच कड चाचपली.

"उलटं होतं ना?"

"हो."

दादा खोक्यावर टेकला. "वर्षभर सगळं धुरकट दिसतंय. वाटलं, निभावून नेईन."

"वहिनीला माहीत आहे?"

"तुलाच पहिल्यांदा सांगतोय."

धाकट्याने नवं सील त्याच्या हातात ठेवलं. दादाने डोळे मिटून ते चाचपलं आणि नीट बसवलं. मग हात धुऊन दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले.

मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन होईपर्यंत सील दादाच बसवायचा. धाकटा फक्त एकदा बघून घ्यायचा.